वर विहीर आहे

आमच्या आचऱ्यात डोंगर चढायला म्हणून कुणी डोंगरावर जात नसे. माणसं जायची ती गवताला, लाकडाला, करवंदांना, नाहीतर चुकलेलं वासरू शोधायला. काम झालं की खाली. वर उभं राहून समुद्र बघत बसलेला माणूस दिसला की लोक म्हणायचे, "ह्येका काय काम नाय दिसता." त्यामुळे मुंबईला नोकरीला लागल्यावर ऑफिसातल्या एका मंडळाने रविवारी कर्नाळ्याला चढायला जायचा बेत केला तेव्हा मला हसूच आलं. आठवडाभर फायली उपसायच्या आणि सुट्टीच्या दिवशी पदरचे पैसे मोडून डोंगर चढायचा!

पण मुंबईत हे वेड तोवर चांगलंच जुनं झालेलं होतं. गिरिविहारसारखी संस्था १९५४ पासून माणसांना डोंगरात नेत होती. गो. नी. दांडेकरांची किल्ल्यांवरची पुस्तकं वाचून कारकून, मास्तर, गिरणीतले जॉबर पाठीवर पिशव्या मारून शनिवारी रात्री निघत. आमच्या सेक्शनमधल्या दोघा पोरांना ही लागण झाली होती. त्यांच्या नादाने मी दोन-चार किल्ले चढलो आणि मग मलाच चढलं. एक दिवस डबा खाताना मी म्हणून गेलो, "अरे, आमच्या गावाजवळ खाडीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गड आहेत. अर्ध्या-अर्ध्या तासाचे. कधी डोंगर न चढलेल्यानेही चढावेत. चला माझ्यासोबत."

ही गोष्ट १९८६ सालची. कोकण रेल्वे अजून बारा वर्षं लांब होती. मे महिन्यात चाकरमान्यांनी भरलेल्या रातराणी एसटीने आम्ही नऊ जण निघालो. हेडक्लार्क, त्यांची मेहुणी, आमची टायपिस्ट बाई, ती दोन वेडी पोरं, अकाउंट्सचे दोघे, मी आणि आमचे दफ्तरीकाका. दफ्तरीकाका खानदेशातले. रिटायर व्हायला चार वर्षं राहिलेली. त्यांनी जन्मात डोंगर चढलेला नव्हता आणि मुंबईत तीस वर्षं काढूनही चौपाटीपलीकडचा समुद्र बघितला नव्हता. ते यायला तयार झाले ते माझ्या शब्दावर. "तू म्हणतोस ना सोपा आहे, मग येतो," इतकंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची तयारी चालली होती. तयारी म्हणजे आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ. पाहुण्यांना घाई कशाला करायची, म्हणून मी आग्रह करकरून वाढत होतो. उन्हं खळ्यात उतरली तरी आमचा चहा चाललेला. आई चुलीपुढून उठून बाहेर आली. सगळ्यांच्या पिशव्यांकडे तिने एकदा नजर टाकली.

"माणसां कितकी आसत?"

"नऊ."

"आणि पाणी?"

मी चार बाटल्या दाखवल्या. दफ्तरीकाकांच्या खांद्याला त्यांची स्वतःची एक फिरकीची बाटली होती, ती वेगळी.

"ह्या चार बाटल्यांन कोणाचो घसो ओलो होतलो? ती कळशी घेवन जा. दोघांनी वाटून उचला."

टायपिस्ट बाई हसली. मलाही लाज वाटली. मुंबईची माणसं पाठीवर पिशव्या घेऊन ऐटीत निघालेली, आणि मी डोक्यावर कळशी घेऊन त्यांच्यापुढे चालणार? मी म्हटलं, "गे आये, अर्ध्या तासाचो डोंगर तो. आणि वर विहीर आसा." आई काही बोलली नाही. कळशी तिने उचलून परत मोरीत ठेवली.

इथे थोडा भूगोल सांगायला हवा. सह्याद्रीतून येणारी गड नदी समुद्राला मिळण्याआधी तिची कालावलची खाडी होते. खाडीच्या उत्तरेला, म्हणजे आमच्या आचरा-चिंदरच्या बाजूला, भगवंतगड. दक्षिणेला मसुरे गाव आणि त्यावर भरतगड. दोन्ही बुटके. सह्याद्रीच्या गडांशी तुलना केली तर टेकड्याच. पण एकमेकांवर डोळा ठेवून बसलेले, बांधावरून भांडणाऱ्या दोन भाऊबंदांसारखे. भरतगड वाडीच्या सावंतांचा, भगवंतगड बावडेकर पंत अमात्यांचा. मधल्या खाडीतून जाणाऱ्या मालावर आणि काठच्या शेतीवर दोघांचाही दावा.

आमचा बेत असा, की आधी आपल्या बाजूचा भगवंतगड करायचा, होडीने खाडी ओलांडायची, मसुऱ्याला जायचं, भरतगड बघायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत. कागदावर फार सुबक बेत होता. फक्त तो डिसेंबरातला होता आणि आम्ही मे महिन्यात निघालो होतो.

भगवंतगडावर आम्ही दहाच्या पुढे चढलो. वाट सोपीच. वरच्या सिद्धेश्वराच्या देवळाच्या सावलीत बसलो तेव्हा सगळे खुशीत होते. खाली माडांची दाटी, मधे खाडीचं पाणी, समोर भरतगडाची झाडी. दफ्तरीकाका लहान पोरासारखे बघत होते. "हे सगळं रोज बघून तुम्ही मुंबईला कसे काय राहता रे?" त्यांनी विचारलं. त्या आनंदात आम्ही दोन बाटल्या संपवल्या. उतरताना तिसरी. होडीत चौथी.

होडीवाल्याने विचारलं, "खंय चललात?"

"भरतगडार."

"आता? ह्या उन्हात?" त्याने वल्हं थांबवून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मारायला लागला.

मसुऱ्यात पोचलो तेव्हा डोक्यावर ऊन आलेलं. टायपिस्ट बाई म्हणाली, "इथे कुणाच्या तरी घरी पाणी भरून घेऊ या का?" मला संध्याकाळच्या गाडीची घाई. मी पुन्हा तेच वाक्य बोललो. "कशाला? वर विहीर आहे."

कोकणातला जांभा दगड दिवस चढला की तापतो तो तव्यासारखा. खालून चटके आणि वरून ऊन. त्यात मे महिन्यातली दमट हवा. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंगाची तलखी कमी होत नाही. हे शास्त्र मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा मी पुढे राहून भराभर चढत होतो आणि मागच्यांना "आलंच, आलंच" म्हणत होतो. गडाला खंदक आहे, आत जांभ्या दगडाचे बुरूज आहेत, बालेकिल्ला आहे, आणि सगळीकडे आंब्याची कलमं. हंगाम असल्यामुळे पेट्यांचा, गवताचा वास भरलेला. मी सगळ्यांना तटाजवळ बसवलं आणि आमच्या शाळामास्तरांकडून ऐकलेली गोष्ट रंगवून सांगायला लागलो. शिवाजी महाराज स्वतः या डोंगरावर आले होते, त्यांना जागा आवडली, पण पाण्याची खात्री वाटेना म्हणून त्यांनी इथे गड बांधला नाही. हे सांगत असताना माझ्या हातातली बाटली रिकामी होती. ती हलवत हलवत मी सांगत होतो.

मग आम्ही विहिरीवर गेलो.

विहीर होती. मी खोटं बोललो नव्हतो. पण कठड्यावरून आत वाकून पाहिलं तर खाली नुसता काळोख. एका पोराने खडा टाकला. आम्ही कान लावून बसलो. खडा कुठे तरी खडकाला लागत लागत गेला आणि मग फार वेळाने काही तरी आवाज आला. तो पाण्याचा की दगडाचा, यावर दोघा पोरांची पैज लागली. आमच्याकडे दोर नव्हता, पोहरा नव्हता. दोर असता तरी एवढ्या खोलीला पुरेल असा कुणाच्या घरात असतो?

त्याच वेळी मागून हेडक्लार्कांचा आवाज आला, "अहो, यांना बघा काय होतंय."

दफ्तरीकाका एका दगडावर बसले होते. चेहरा लालभडक. मी हात लावला तर अंग निखाऱ्यासारखं, आणि कोरडं. घामाचा थेंब नाही. मे महिन्यातल्या त्या टळटळीत दुपारी ते म्हणाले, "मला थंडी वाजतेय रे." पुढचं बोलले ते काही कळलं नाही. ते गावाकडच्या कुणाला तरी हाक मारत होते.

मला तोवर भीती म्हणजे काय हे माहीत आहे असं वाटायचं. ते खरं नव्हतं. मी या माणसाला माझ्या शब्दावर इथे आणलं होतं. त्याची बायको दादरच्या स्टँडवर सोडायला आली होती आणि तिने मला सांगितलं होतं, "सांभाळून आणा." मी त्यांना ओढत कलमाच्या सावलीत नेलं. दोघं पोरं पाण्यासाठी खाली धावली. टायपिस्ट बाई पदराने वारा घालत होती आणि रडत होती. रडता रडताच तिने सांगितलं, की चढताना तिला आणि हेडक्लार्कांच्या मेहुणीला तहान लागली होती, तेव्हा काकांनी आपली फिरकीची बाटली दोघींना देऊन टाकली. "मला सवय आहे, आमच्याकडे उन्हाळा याहून मोठा," असं म्हणाले. सकाळपासून त्यांनी स्वतः जेमतेम दोन घोट घेतले होते.

आमची आरडाओरड ऐकून कलमांच्या राखणीला असलेली एक म्हातारी आली. तिच्या खोपीत भरलेली कळशी होती. ती खालून गावातून चढवलेली. आम्हाला काही न विचारता तिने अर्धी कळशी काकांच्या डोक्यावर, मानेवर, छातीवर ओतली. स्वतःचं ओलं फडकं काखेत ठेवलं. सदरा सैल केला. आंब्याची डहाळी मोडून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "वारो घाल. थांबा नको." मी घाईने त्यांच्या तोंडात पाणी ओतायला गेलो तर तिने माझा हात झटकला. "सुध नाय तेच्या तोंडात पाणी घालतस? मारतलस तेका."

पाव तास गेला असेल. काकांनी डोळे उघडून तिच्याकडे नीट पाहिलं. मग तिने कोकमाच्या आगळात मीठ आणि गूळ घालून चमच्या-चमच्याने दिलं. "हळू पी रे बाबा. घटाघटा नको." तेवढ्यात खालून माणसं आली. कांबळं आणि दोन बांबू यांची डोली करून बागेतल्या गड्यांनी काकांना उतरवलं. गावातल्या डॉक्टरांनी सलाइन लावलं. रात्री आठला ते उठून बसले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "अजून तासभर तसेच राहिले असते तर मी काही करू शकलो नसतो. त्या बाईचे पाय धरा."

मी दुसऱ्या दिवशी खरोखरच तिचे पाय धरायला गेलो. ती आंबे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "शिकलेली माणसां तुम्ही. पाणी घेतल्याशिवाय गडार कोण चढता?"

आमच्या खळ्यात त्या रात्री कुणी फारसं जेवलं नाही. दफ्तरीकाका खाटेवर पडून पेज पीत होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "डोंगर तुझा चांगला आहे. चढवणारा कच्चा आहे." ते रागाने म्हणाले नव्हते, म्हणून जास्त लागलं. आई दारात उभी होती. ती मला एक शब्द बोलली नाही, तेव्हाही नाही आणि पुढे कधीच नाही.

मुंबईला परतल्यावर मी वाचायला लागलो. ज्या गडाची गोष्ट मी ऐटीत सांगितली होती, तिचा पुढचा भाग मला ठाऊकच नव्हता. १८८० साली छापलेल्या रत्नागिरी-सावंतवाडीच्या इंग्रजी गॅझेटिअरात तो सापडला. शिवाजी महाराज मसुऱ्याच्या डोंगरावर आले ते १६७० साली. त्याआधी सहा वर्षं, नोव्हेंबर १६६४ मध्ये, त्यांनी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला होता. भर समुद्रातल्या त्या खडकावर गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. दूधबाव, साखरबाव, दहीबाव या नावांनी आजही त्या दाखवतात. खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोडं पाणी आहे म्हणून ज्याने बेटावर किल्ला उभारला, त्यानेच खाडीकाठचा, जमिनीवरचा, चारी बाजूंनी सोयीचा डोंगर पाण्याच्या शंकेपायी सोडून दिला. शंकाच पुरली. ते "वर विहीर होईल" म्हणाले नाहीत.

पुढे १६८० मध्ये वाडीच्या फोंड सावंतांनी याच डोंगरावर पाण्याचा शोध घेतला. माथ्यावर खडक फोडत फोडत ते खाली गेले. गॅझेटिअर विहिरीची खोली २२८ फूट सांगतं. म्हणजे आजच्या हिशेबाने वीस-बावीस मजल्यांची इमारत उलटी जमिनीत घातल्यासारखी. सुरुंगाची दारू, छिन्न्या, हातोडे आणि माणसांचे हात एवढ्यावर हे काम झालं. पाणी लागल्यावर मग तट आणि बुरूज चढले आणि १७०१ मध्ये गड पुरा झाला. आधी विहीर, मग किल्ला. आमचा खडा एवढा वेळ का पडत राहिला ते मला मुंबईच्या लायब्ररीत बसून कळलं.

समोरचा भगवंतगड ज्या बावडेकर अमात्यांचा, त्याच घराण्यातले रामचंद्रपंत अमात्य. त्यांच्या नावावर असलेलं १७१५ सालचं आज्ञापत्र मी मुद्दाम मिळवून वाचलं. राज्य कसं चालवावं हे सांगणाऱ्या त्या छोट्या ग्रंथात दुर्गांवर एक पूर्ण प्रकरण आहे. गडाची जागा निवडताना सगळ्यात पहिल्यांदा पाणी बघा, असं त्यात बजावलं आहे. पाणी नसेल आणि जागा बांधणं भागच असेल तर खडक फोडून टाकी खोदा. एक झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नका, कारण लढाईच्या दिवसांत तोफांच्या दणक्याने झरे आटतात, आणि नेमकं तेव्हाच पाणी जास्त लागतं. म्हणून साठा वेगळा ठेवा आणि तो जपा. तीनशे वर्षांपूर्वी एका अमात्याने लिहिलेलं हे वाचताना मला आमच्या मोरीतली कळशी दिसत होती.

भरतगडाच्या बाबतीत तर त्यांचं म्हणणं अक्षरशः समोर आलं. १७४८ मध्ये तुळाजी आंग्र्यांनी गड घेतला, तो सावंतांनी लवकरच परत मिळवला. इथवर ठीक. पण १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि कोकणातले किल्ले एकामागून एक इंग्रजांकडे गेले. भगवंतगडही त्याच साली गेला. कॅप्टन हचिन्सनने भरतगड घेतला तेव्हा विहिरीचा खडक फुटलेला होता आणि आत पाणी नव्हतं. ज्या पाण्यासाठी गडाला वीसेक वर्षं लागली, ते पाणी गडाच्या शेवटच्या दिवशी गडावर नव्हतं. तट होते, तोफा होत्या, खंदक होता.

हे सगळं वाचून झाल्यावर मला खरी लाज वाटली ती आणखी एका गोष्टीची. आमचं आचरा हे गावपळणीचं गाव. दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की सगळं गाव घरं बंद करून वेशीबाहेर पडतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, अंथरुणावरची म्हातारी, पाळण्यातली पोरं. तीन दिवस, तीन रात्री गाव मोकळं. चिंदर, वायंगणी, मुणगे अशा शेजारच्या हद्दींत झावळ्यांच्या, गवताच्या राहुट्या पडतात. माळावर चुली पेटतात, रात्री भजनं, फुगड्या, गप्पा. मुंबईचे पत्रकार याला प्रथा म्हणून छापतात. आम्हा पोरांना ती सहलच वाटायची, आणि वर्गात कुणी न शिकवता मिळालेलं सहलीचं शिक्षणही तेच. कारण राहुटी कुठे घालायची हे बापये ठरवत नसत. आधी बायका जात, व्हाळ किंवा बाव कुठे आहे ते बघत, पाणी चाखत, आणि मग म्हणत, "हंयसर." मग खांब रोवायचे. किती माणसं, किती गुरं, किती कळशा, याचा हिशेब आईच्या पिढीच्या बायकांच्या तोंडावर असे. शिवाजी महाराज, फोंड सावंत आणि रामचंद्रपंत यांना जे कळत होतं ते आमच्या घरात चुलीपुढे बसलेल्या बाईला कळत होतं. मला मात्र ते पुस्तकात वाचावं लागलं, तेही एका माणसाचा जीव जाता जाता वाचल्यावर.

ऑफिसात दोन महिने डोंगराचं नाव कुणी काढलं नाही. माझं नाव मात्र 'विहीरवाले' पडलं. काही मागितलं की पोरं म्हणायची, "वर विहीर आहे!" मी ते चुपचाप सोसलं. मग दिवाळीनंतर एक दिवस दफ्तरीकाकाच माझ्या टेबलाशी आले. "डिसेंबरात जायचं का रे? तो दुसरा गड माझा धड बघायचा राहिलाय."

आम्ही गेलो. तेच नऊ जण. या वेळी मात्र मी कच्चा नव्हतो. आदल्या संध्याकाळीच होडीवाल्याला सांगून ठेवलं. पहाटे चांदण्या असताना निघालो. उजाडताना मसुऱ्यात, आणि ऊन तापायच्या आत माथ्यावर. प्रत्येकाच्या पाठीवर दोन-दोन बाटल्या, वर एक कळशी सामाईक. पिशवीत गूळ, मीठ, लिंबं. मी पुढे चाललो नाही. सगळ्यात हळू चालणारा माणूस सगळ्यात पुढे, आणि वाट माहीत असलेला मी सगळ्यात मागे. याने दोन गोष्टी होतात: कुणी एकटा मागे पडत नाही, आणि दमलेल्याला "मी दमलो" म्हणायची लाज वाटत नाही, कारण थांबायचं की नाही हे तोच ठरवत असतो. पायात बूट. दगडांच्या फटीत हात घालायचा नाही, कारण आमच्या जांभ्या दगडांत फुरसं असतं आणि ते दगडाच्याच रंगाचं असतं.

सगळ्यात पुढे दफ्तरीकाका होते. आग्रह करून त्यांनी काही वाट कळशीही उचलली. विहिरीवर गेल्यावर त्यांनी कठड्यावरून बराच वेळ आत पाहिलं. मी त्यांना सावंतांची गोष्ट सांगितली, २२८ फुटांची. ते म्हणाले, "खोदणारे आत उतरत असतील तेव्हा त्यांना वरून पाणी कोण देत असेल?" हा प्रश्न मला सगळी पुस्तकं वाचून पडला नव्हता.

तिथून आम्ही म्हातारीच्या खोपीकडे गेलो. हंगाम नव्हता, खोप रिकामी होती. तिच्यासाठी आणलेलं लुगडं गावातल्या तिच्या घरी दिलं. तिने आम्हाला ओळखलं नाही. कळशी बघून मात्र हसली. "आता कसे शाने झालात," म्हणाली.

तेव्हापासून दरवर्षी थंडीत एक फेरी ठरून गेली. ऑफिसातले नवे लोक यायचे, त्यांचे मेहुणे, शेजारी, मुलं. ज्यांना हे दोन गड जमले त्यांना पुढच्या वर्षी रामगड, जिथे जुन्या तोफा जमिनीत उलट्या पुरलेल्या दिसतात. मग ज्यांचे पाय तयार झाले त्यांना नारूरहून रांगण्याला. तो मात्र सह्याद्रीच्या माथ्यावरचा खरा चढ. तिथे नवख्याने पहिल्यांदाच जाऊ नये. डोंगर पायरी-पायरीने शिकायचा असतो. पहिला डोंगर असा असावा की उतरल्यावर माणसाला वाटावं, अजून थोडा असता तरी चढलो असतो.

दफ्तरीकाका रिटायर होईपर्यंत प्रत्येक फेरीला आले. नंतर खानदेशात गावी गेले. डिसेंबर आला की त्यांचं पोस्टकार्ड यायचं. मजकूर दरवर्षी एकच: माणसं किती, पाणी किती? मी उत्तर लिहायचो: माणसं चौदा, बाटल्या अठ्ठावीस, कळशा दोन. एके वर्षी कार्ड आलं नाही. मग त्यांच्या मुलाचं पत्र आलं. झोपेतच गेले, म्हणून लिहिलं होतं.

१९९८ ला कोकण रेल्वे सुरू झाली. आता मुंबई-पुण्याची पोरं रात्री गाडीत बसतात आणि सकाळी कणकवलीला उतरतात. मोबाईलमध्ये नकाशा असतो, वाट चुकत नाहीत. मीही रिटायर होऊन गावी आलो आहे. भरतगडावरच्या कलमांच्या बागा अजून आहेत. तिथे कुणाच्या तरी पोटापाण्याची जागा आहे याची आठवण ठेवून, राखणीच्या माणसाला विचारूनच आत जावं, एवढं मी येणाऱ्यांना सांगतो.

मे महिन्यात चार-पाच जणांचं टोळकं आमच्या खळ्यासमोरून जाताना दिसलं की मी पायरीवरून हाक मारतो. "माणसं किती? पाणी किती?" काही हसतात. एक मुलगा परवा म्हणाला, "आजोबा, वर विहीर आहे ना, नेटवर वाचलंय."

मी उठलो, मोरीत गेलो. आईची कळशी अजून तिथेच असते. भरून आणली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. "ही घेऊन जा. दोघांनी वाटून उचला. संध्याकाळी परत आणून द्या."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. लाज वाटली असणार. मला ती लाज ओळखीची आहे. पण उचलली त्यांनी. संध्याकाळी परत आणून दिली तेव्हा ती रिकामी होती.